निवती ते वेंगुर्ला रॉक्स: डायव्हिंग करून सागरी जीवांच्या नोंदी कशा घ्याव्यात?

खारवट विचारतात:

सिंधुदुर्गातल्या निवतीपासून वेंगुर्ला रॉक्स या खडकाळ बेटांपर्यंतच्या पाण्याखालच्या खडकांवर नोव्हेंबर ते मार्च या काळात पद्धतशीर नोंदी करायच्या आहेत. मालवणचा भाग बऱ्यापैकी अभ्यासला गेला आहे, दक्षिणेकडे मात्र फारसं कुणी फिरकत नाही. चौघांचा गट आहे: तिघे ओपन वॉटर (प्राथमिक प्रमाणपत्र असलेले), एक रेस्क्यू डायव्हर (बचावाचं प्रशिक्षण घेतलेला). काम ५ ते १२ मीटर खोलीवर. साधनं म्हणजे ऑलिंपस टीजी-६ कॅमेरा आणि त्याचं हाउसिंग (पाणी आत न येऊ देणारी पेटी), एक व्हिडिओ टॉर्च, ५० मीटरचा फायबर टेप, नेहमीचे ८० क्युबिक फुटांचे ॲल्युमिनियम सिलिंडर. व्हिजिबिलिटी बहुतेक वेळा २ ते ५ मीटर.

प्रश्न असे:
१. इतक्या गढूळ पाण्यात ट्रान्सेक्ट (टेप अंथरून ठरावीक पट्ट्यातले जीव मोजणं) करण्यात अर्थ आहे का, की नुसते फोटो काढत फिरावं?
२. पाण्याखाली जीपीएस चालत नाही, मग प्रत्येक फोटोचं ठिकाण कसं नोंदवायचं?
३. ओळख पटली नाही तर छोटा नमुना आणता येतो का? ही जागा मालवण अभयारण्याच्या हद्दीबाहेर आहे.

---

भांगाचं_पाणी यांचं उत्तर:

आधी दिवस निवडा, पद्धत नंतर. २ मीटर आणि ५ मीटर व्हिजिबिलिटीतला फरक पुष्कळदा जागेचा नसतो, तिथीचा असतो. उधाणाला, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला, पाणी जोरात धावतं आणि तळाचा गाळ उचलतं. भांगाला, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या लहान भरतीला, ओढ कमी, गाळ खाली बसलेला. म्हणून अमावास्या-पौर्णिमेच्या पुढेमागे दोन-दोन दिवस सोडूनच द्या.

भांगातही कोणता दिवस? तिथीला पाऊणने गुणलं की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ येते, हा हिशोब किनाऱ्यावर सगळ्यांना पाठ असतो. अष्टमीला सहा, दशमीला साडेसात, द्वादशीला नऊ. अष्टमीची भरती पहाटे सहाला आणि संध्याकाळी सहाला, दोन्ही वेळी उजेड नाही. दशमी ते द्वादशी मात्र जमतं: ओढ अजून कमीच असते, भरती सकाळी पूर्ण होते आणि खारे वारे सुटायच्या आत तुम्ही बाहेर आलेले असता. हा हिशोब मुंबईच्या पाण्याचा आहे. सिंधुदुर्गात भरती त्याच्या थोडी आधी होते, त्यामुळे नेमकी वेळ टाइड टेबलवरून घ्या. पूर्ण भरतीच्या अर्धा तास आधी पाण्यात उतरा. भरतीला बाहेरचं स्वच्छ पाणी आत आलेलं असतं. सुकतीला खाडीतलं गढूळ पाणी बाहेर पडतं आणि कर्लीच्या मुखाजवळच्या खडकांवर ते लगेच जाणवतं.

आता ट्रान्सेक्ट. अर्थ आहे, पण पुस्तकातला ५ मीटर रुंद पट्टा इथे चालणार नाही. व्हिजिबिलिटी ३ मीटर असताना टेपपासून अडीच मीटरवरचा मासा काळी सावली दिसतो. पट्टा २ मीटर रुंद ठेवा, म्हणजे दोन्ही बाजूंना एकेक मीटर. लांबी २० मीटर. असे तीन तुकडे, मध्ये किमान ५ मीटर अंतर. एका तुकड्यात ४० चौरस मीटर होतात. एखाद्या दिवशी पाणी नितळ मिळालं तरी पट्टा रुंद करू नका, नाहीतर आधीच्या आकड्यांशी तुलना संपली. आणि व्हिजिबिलिटी अंदाजाने लिहू नका: टेपचं टोक धरून मागे सरका, जोडीदाराच्या हातातली पाटी दिसेनाशी होते तो आकडा लिहा.

हवेचा हिशोब करून बघा. ११.१ लिटरचा सिलिंडर २०० बारला भरला तर २२२० लिटर. ५० बार राखीव ठेवले की उरतात १६६५. मिनिटाला २० लिटर घेणारा माणूस १० मीटरवर दाब दुप्पट असल्याने ४० लिटर घेतो, म्हणजे ४१ मिनिटं. टेप अंथरून मासे परत यावेत म्हणून १५ मिनिटं थांबायचा नियम पाळलात तर तिसरा हिस्सा हवा नुसती वाट बघण्यात गेली. त्याऐवजी मासे मोजणाऱ्याने पुढे जायचं आणि त्याच्या मागून जोडीदाराने टेप सोडत यायचं. मासे बिथरायच्या आत मोजून होतात. परतीच्या वाटेवर त्याच टेपवर तळ नोंदवायचा: दर ५० सेंटिमीटरला टेपच्या बरोबर खाली काय आहे ते. एका तुकड्यात ४० बिंदू, तिन्ही मिळून १२०. कठीण प्रवाळ, मऊ प्रवाळ, स्पंज, शैवाल, उघडा खडक, वाळू, गाळ, इतर. एवढे गट पुरे. गाळाचा थर असेल तर बोटाने हलवून खाली काय आहे ते बघायचं की नाही, हे चौघांनी आधीच ठरवून घ्या. एक जण हलवतो, दुसरा हलवत नाही आणि मग त्याच खडकावर गाळ १० टक्के की ४० टक्के यावर वाद होतो.

माशांची लांबी सगळेच जास्त सांगतात. मास्कच्या सपाट काचेमुळे वस्तू एक तृतीयांशाने मोठी दिसते. पीव्हीसी पाइपचे १०, २०, ३०, ४० सेंटिमीटरचे तुकडे दोरीला बांधून पाण्यात सोडा आणि प्रत्येकाकडून अंदाज लिहून घ्या. दोन सत्रांत हात बसतो. गोबरा आणि तांबोशी यांच्या बाबतीत नेमकी लांबीच महत्त्वाची, कारण ३० सेंटिमीटरच्या वरचे गोबरे किती उरलेत यावरून मासेमारीचा ताण कळतो.

---

ओ_रिंग यांचं उत्तर:

दुसऱ्या प्रश्नाबद्दल.

फ्लोटवर ड्राय बॅग बांधा, तिच्यात ट्रॅक लॉग (वाटेची वेळेसकट नोंद) चालू ठेवलेला फोन किंवा हातातला जीपीएस. फ्लोटची दोरी एका डायव्हरच्या हातात. दोरी खोलीपेक्षा फार लांब ठेवू नका: ८ मीटर खोलीवर १० मीटर दोरी असेल तर फ्लोट जास्तीत जास्त ६ मीटर बाजूला जातो, १५ मीटर दोरी दिलीत तर जवळजवळ १३ मीटर. फ्लोटवर डाइव्हचा झेंडा लावाच. या भागात यांत्रिक होड्या जवळून जातात.

फोटो आणि ट्रॅक जुळतात ते फक्त वेळेवर. दर डाइव्हच्या आधी जीपीएसच्या पडद्यावरच्या सेकंदांसकट घड्याळाचा फोटो त्याच कॅमेऱ्याने काढा. कॅमेरा ४० सेकंद मागे असेल तर घरी सगळ्या फोटोंना ४० सेकंद जोडता येतात. हा एक फोटो राहिला तर अख्खी डाइव्ह अंदाजावर. ट्रॅक फाइलमधली वेळ यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) असते, कॅमेऱ्यातली भारतीय. साडेपाच तासांचा फरक सॉफ्टवेअरला सांगितला नाही तर एकही फोटो जुळत नाही, किंवा वाईट म्हणजे सकाळच्या डाइव्हचे फोटो दुपारच्या जागेवर जाऊन बसतात आणि कुणाच्या लक्षात येत नाही.

अक्षांश-रेखांश दशांशातच लिहा. १६ अंश ३.५ मिनिटं म्हणजे १६.०५८३. पुष्कळ जण घाईत १६.०३५ लिहितात आणि नोंद अडीच किलोमीटर दक्षिणेला जाते. होडीवाल्याकडून मिळालेले आकडे बहुतेक अंश-मिनिटांत असतात, तिथेच ही चूक होते.

डाइव्ह कॉम्प्युटरवरची खोली त्या क्षणाची असते. भरती १.८ मीटर असताना ७.२ मीटर दिसली तर नकाशाच्या शून्यापासून (जिथून भरतीची उंची मोजतात) ती ५.४. दोन्ही आकडे लिहा, नाहीतर पुढच्या महिन्यात सुकतीला तोच खडक सापडणार नाही.

फोटोचं तंत्र: गढूळ पाण्यात झूम म्हणजे गाळाचा फोटो. लेन्स आणि जीव यांच्यात पाणी जितकं कमी तितकं चांगलं, ३० सेंटिमीटरच्या आत या. टॉर्च कॅमेऱ्याच्या डोक्यावर लावू नका, हातभर लांब दांडीवर बाजूला घ्या आणि प्रकाशाच्या कडेने जीव उजळा. लाल रंग पहिल्या पाच-सहा मीटरांतच जातो, म्हणून टॉर्चशिवाय काढलेल्या स्पंजच्या फोटोवरून रंग लिहू नका. तुम्हाला तपकिरी दिसलेला बहुधा लाल असतो.

तळाच्या ठरावीक क्षेत्राचे फोटो घ्यायला २० मिलिमीटर पीव्हीसी पाइपची ५० बाय ५० सेंटिमीटरची चौकट आणि वर कॅमेरा बसवायला चार पाय. प्रत्येक कोपऱ्यात ६ मिलिमीटरचं भोक पाडा, नाहीतर आत हवा राहून चौकट तरंगते. टीजी-६ सर्वांत रुंद लेन्सला हवेत ही चौकट साधारण ५० सेंटिमीटरवरून टिपतो. पाण्यात तोच कोन आक्रसतो आणि ७० सेंटिमीटर लागतात. घरी मोजून पाय कापले की पाण्यात चौकटीच्या कडा बाहेर जातात, म्हणून पाय ७५ चे ठेवा. एक मीटरच्या चौकटीच्या नादी लागू नका, तिला दीड मीटर उंची लागेल आणि तुमच्या पाण्यात मधे दुधाची भिंत उभी राहील.

हाउसिंगमध्ये धुकं येण्याचं कोकणातलं कारण एकच: दमट हवेत झाकण बंद करणं. पहाटे, गारव्यात, किंवा एसी खोलीत बंद करा आणि आत सिलिका जेलची तापवून कोरडी केलेली पुडी ठेवा. ओ-रिंगवर (झाकणाच्या रबरी कड्यावर) एक केस किंवा वाळूचा कण राहिला तर पाणी आत. दरवेळी गोड्या पाण्याच्या बादलीत बुडवून पाच मिनिटं बुडबुडे बघा.

---

खारवट:

दशमी-द्वादशीचा मुद्दा डोक्यातच आला नव्हता, वेळापत्रक पुन्हा मांडतो. पण स्पंज आणि प्रवाळ फोटोवरून किती ओळखता येतात? आणि नमुन्याचा प्रश्न राहिला.

---

वर्गवारी यांचं उत्तर:

नमुना: नाही. अभयारण्याची हद्द इथे गौण आहे. मालवण सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झालं, क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर. त्या हद्दीत जायलाच वनविभागाची परवानगी लागते. पण वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ समुद्रात सगळीकडे लागू आहे आणि कठीण प्रवाळ, काळे प्रवाळ, समुद्रपंखे, समुद्रघोडे, समुद्रकाकड्या, काही शंख-शिंपले हे त्याच्या अनुसूचींत आहेत. पुळणीवर वाहून आलेला मेलेला प्रवाळाचा तुकडासुद्धा पिशवीत टाकू नका. अनुसूचीत नसलेल्या जीवांचे नमुनेही एखाद्या संशोधन संस्थेबरोबर, तिच्या लेखी परवानगीच्या कक्षेतच घ्यावेत. महाराष्ट्रात विचारायची पहिली जागा म्हणजे वनविभागाचा कांदळवन कक्ष. शिवाय उतरण्याआधी जवळच्या सागरी पोलीस ठाण्यात होडीचा क्रमांक आणि माणसांची नावं देऊन ठेवा. वेंगुर्ला रॉक्सवर तर चौकशी होतेच, कारण तिथल्या गुहांतल्या पाकोळ्यांच्या घरट्यांची तस्करी झालेली आहे. बेटावर, गुहेत पाय ठेवू नका.

परवानगी असलेल्या संस्थेबरोबर काम करायची वेळ आली तर एवढं माहीत असू द्या: डीएनएसाठी ९५ टक्के इथेनॉल, नमुन्याच्या किमान दहा पट, आणि २४ तासांनी ते बदलायचं, कारण ऊतीतलं पाणी उतरून अल्कोहोल पातळ होतं. फॉर्मॅलिनमध्ये ठेवलेल्या नमुन्यातून डीएनए काढणं फार अवघड होतं आणि आम्लधर्मी झालेलं फॉर्मॅलिन जीवाच्या सांगाड्यातल्या चुन्याच्या सूक्ष्म काड्या विरघळवतं. समुद्रगोगलगाय थेट इथेनॉलमध्ये टाकली तर आक्रसून गोळा होते, आधी मॅग्नेशियम क्लोराइडच्या द्रावणात सैल करावी लागते. लेबल पेन्सिलने लिहून बाटलीच्या आत. बाहेर चिकटवलेलं लेबल इथेनॉल सांडलं की पुसलं जातं.

फोटोवरून ओळख कुठवर जाते याचा माझा अंदाज असा. मासे, खेकडे, समुद्रगोगलगाई: चांगल्या फोटोवरून बऱ्याचदा प्रजातीपर्यंत. कठीण प्रवाळ: वंशापर्यंत थांबा. पोरायटिस या प्रवाळ-वंशाचे गोळे एकमेकांसारखे दिसतात, प्रजाती ठरते ती सांगाड्यावरच्या मिलिमीटरभर खळग्यांच्या रचनेवरून. जिवंत प्रवाळाच्या फोटोत ती दिसत नाही. ‘पोरायटिस, गोलाकार, व्यास ४० सेंटिमीटर’ ही नोंद पक्की आहे. त्यापुढे प्रजातीचं नाव जोडलं की ती कच्ची होते. स्पंज: फोटोवरून गटाचंही खात्रीने सांगता येत नाही, कारण वर्गीकरण आतल्या सूक्ष्म काड्यांवर चालतं. ‘नारिंगी, पसरट, छिद्रं मोठी, बोटाने दाबल्यास’ असलं वर्णन मी वाचलंय. दाबू नका.

एक जीव मुद्दाम शोधा: कॅरिजोआ हा मऊ प्रवाळ. फांद्या नारिंगी-गुलाबी, त्यावर पांढरी फुलं उमलल्यासारखी दिसतात. पश्चिम किनाऱ्यावर तो खडकांवर आणि बुडालेल्या जहाजांवर पसरताना नोंदला गेला आहे. नवखे त्याला हायड्रॉइड (झुडपासारखा दिसणारा वेगळा सागरी जीव) म्हणून सोडून देतात. एका पांढऱ्या फुलाचा जवळून फोटो घ्या. बरोबर आठ शुंडके आणि प्रत्येकाला पिसासारखी कड असेल तर तो अष्टशुंडी प्रवाळ. त्याने व्यापलेलं क्षेत्र चौकटीच्या फोटोंवरून मोजता येतं, म्हणून दरवर्षी त्याच चौकटी हव्यात.

समुद्रगोगलगाईसाठी किमान चार फोटो: वरून पूर्ण, बाजूने, डोक्यावरची शिंगं जवळून, पाठीवरची कल्ल्यांची फुलोरी जवळून. शेजारी मिलिमीटरची पट्टी, जीवाला न टेकवता. ती कशावर बसली होती तेही: स्पंजवर असेल तर त्या स्पंजचा वेगळा फोटो. पुष्कळ गोगलगाई एकाच प्रकारचा स्पंज खातात, त्यामुळे खाद्य सापडलं की ओळख निम्मी झाली.

‘नवी प्रजाती सापडली’ असं पत्रकाराला सांगू नका. जगाला नवी, भारताला नवी आणि महाराष्ट्राच्या किनाऱ्याला नवी या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. तुमच्या हाती बहुतेक वेळा तिसरी असते आणि तीही कमी नाही. जगाला नवी ठरवायची तर मूळ नमुना, वर्णन आणि प्रसिद्धी लागते, आणि जैवविविधता कायदा २००२ नुसार नमुना अधिकृत संग्रहात जमा करावा लागतो. सागरी जीवांसाठी दोना पावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि भारतीय प्राणी सर्वेक्षण हे असे संग्रह आहेत.

---

मतलई यांचं उत्तर:

वरचं सगळं बरोबर, पण चौघांच्या गटाला पहिल्याच हंगामात मासे, तळ, चौकटी आणि फोटो हे सगळं पेलणार नाही. मी असतो तर पहिल्या महिन्यात ट्रान्सेक्ट केलाच नसता. प्रत्येक खडकावर ४० मिनिटं ठरावीक वेळ पोहायचं, दिसलेली प्रत्येक गोष्ट एकदाच टिपायची आणि पाटीवर दर १० मिनिटांनी रेघ मारायची. शेवटच्या दहा मिनिटांत किती नवे जीव आले ते बघा. अजून भरभर येत असतील तर तो खडक पुन्हा करा. थांबले असतील तर पुढच्या खडकावर जा. यातून टेप कुठे टाकायचा ते कळतं, नाहीतर नेमकी वाळूवर पट्टी पडते. पाटी म्हणून पीव्हीसी पत्रा पॉलिश पेपरने घासून घ्या, म्हणजे पेन्सिल उमटते, आणि पेन्सिल दोरीने बांधा.

डायव्हिंगमधून न दिसणारं बरंच रापणीत, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्यात, येतं. वाळूत लपणारे मासे, माकूल, लहान वागळ्या. पहाटे रापण ओढली जाते तिथे टाकून दिलेल्या मालाचे फोटो काढा, मालकाला विचारून. पण ठिकाण म्हणून किनाऱ्याचा बिंदू आणि ‘रापण’ एवढंच लिहा. तो जीव खडकावर होता असं समजू नका.

आता आणखी एक गोष्ट, जी कुणीच लिहिली नाही. डाइव्ह संपवून त्याच दुपारी आंबोली घाटाने बेळगाव-कोल्हापूरकडे निघू नका. आंबोली ६९० मीटरवर आहे. डाइव्हनंतर विमानात बसण्याआधी थांबायचे नियम ६०० मीटरच्या वरच्या उंचीला लागू होतात, म्हणजे हा घाट त्यात बसतो. एका डाइव्हनंतर किमान १२ तास, अनेक दिवस किंवा दिवसाला अनेक डाइव्ह केल्या असतील तर १८ तास. उथळ डाइव्ह आहे म्हणून सूट घेऊ नका.

होडीवर ऑक्सिजन हवाच. बी टाइपच्या सिलिंडरमध्ये साधारण १५०० लिटर असतो, मिनिटाला १५ लिटरने १०० मिनिटं पुरतो. तुमच्या खडकापासून बंदर आणि बंदरापासून रुग्णालय या वेळेची बेरीज त्यापेक्षा जास्त येत असेल तर दोन न्या. रिकम्प्रेशन चेंबरची (डायव्हिंगच्या आजारावर उपचार करणाऱ्या दाबाच्या खोलीची) सोय कुठे, त्या दिवशी चालू आहे का, हे हंगामाच्या सुरुवातीला फोन करून विचारा. दुर्घटना झाल्यावर नंबर शोधत बसायची ही गोष्ट नव्हे.

---

खारवट:

मान्य. नोव्हेंबरभर ठरावीक वेळेचं पोहणं, डिसेंबरपासून तीन खडकांवर टेप. नोंदी टाकायच्या कुठे? आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर टाकल्या की पुरे का?

---

ओ_रिंग:

आयनॅचरलिस्ट सुरुवातीला उत्तम. मुंबईच्या किनाऱ्यावर मरीन लाइफ ऑफ मुंबईने २०१७ पासून तेच वापरून हजारो नोंदी उभ्या केल्या आहेत. एका जीवाची एक नोंद, त्याचे सगळे फोटो त्याच नोंदीत. चार वेगळ्या माशांचे फोटो एका नोंदीत कोंबले की कुणी ओळखत नाही. ठिकाणाच्या अचूकतेच्या रकान्यात फ्लोटचा फरक धरून २० मीटर लिहा, रिकामा ठेवू नका. लायसन्स ‘सर्व हक्क राखीव’ ठेवलंत तर नोंद जीबीआयएफ या जागतिक जैवविविधता माहितीसाठ्यात जात नाही, म्हणजे संशोधकांच्या शोधात ती दिसतच नाही.

शेवंडीचे (लॉबस्टरचे) बसायचे खडक, समुद्रघोडे आणि मोठे गोबरे यांचं ठिकाण मात्र स्वतःहून झाका. संकेतस्थळ सगळ्यांचं झाकत नाही.

पण तिथे ‘नव्हतं’ हे लिहिता येत नाही. ट्रान्सेक्टचे आकडे वेगळ्या तक्त्यात ठेवा: एका ओळीत एक प्रजाती, आणि शून्य असेल तिथे शून्य लिहा, कोरं सोडू नका. कोऱ्याचा अर्थ ‘बघितलंच नाही’ असा होतो. शास्त्रीय नाव टाकण्याआधी जागतिक सागरी प्रजाती सूचीत सध्याचं मान्य नाव तपासून तिथला क्रमांक शेजारच्या रकान्यात घ्या. नावं बदलतात, क्रमांकावरून माग लागतो.

---

वर्गवारी:

एक राहिलं. प्रवाळाचा रंग ‘फिकट’ असा लिहू नका. क्वीन्सलँड विद्यापीठातून निघालेला कोरलवॉचचा रंगतक्ता न्या. प्रत्येक वसाहतीवर सर्वांत फिकट आणि सर्वांत गडद असे दोन आकडे, वाढती टोकं सोडून. टॉर्च मारणार असाल तर तक्ता आणि प्रवाळ दोघांवर एकच टॉर्च, नाहीतर आकडा टॉर्चचा येतो. एका खडकावर किमान २० वसाहती. मार्च-एप्रिलमध्ये पाणी तापतं तेव्हा त्याच २० पुन्हा करा, आणि दरवेळी तळाचं तापमान लिहा, वरचं नव्हे. दोन पायऱ्या किंवा जास्त फरक आला तर ते विरंजन (प्रवाळाचा रंग उडणं) असू शकतं. तेव्हा पंधरा दिवसांनी परत जा, महिन्याने नको.